गुन्ह्यांचे पॉडकास्ट ऐकताना : चोरकथा, सुंदरी आणि खैरलांजी





आपल्यापैकी बरेच जण रोज तास-दीड तास प्रवासात घालवतात. कोणी लुसैलहून अल वक्रापर्यंत मेट्रोने, कोणी कंपनीच्या बसने, कोणी स्वतःच्या गाडीने. कानात काहीतरी चालू असते. पूर्वी गाणी असत, आता गोष्टी असतात. त्यातही ओढ लावणारा एक प्रकार म्हणजे खऱ्या गुन्ह्यांचे पॉडकास्ट. एका घरात आई, मुले, म्हातारी माणसे मारली गेली. कोणी मारले, का मारले, पोलिसांचे काय चुकले, हे भागाभागांतून उलगडत जाते. आपले स्टेशन येते आणि आपण मनात म्हणतो, उरलेले संध्याकाळी ऐकू.

अशा वेळी एक प्रश्न विचारला जातो, आणि तो रास्त आहे. पंचशीलातले चौथे शील बोलण्याविषयी आहे. आपण तर फक्त ऐकतो. ऐकण्याने शील कसे बिघडेल? या पाठात आपण त्याचाच विचार करू.

१. चोरकथा म्हणजे काय?

अंगुत्तर निकायाच्या दसक निपातात एक प्रसंग आहे. जेतवनात भोजनानंतर भिक्खू सभागृहात जमले होते आणि गप्पा रंगल्या होत्या. त्या गप्पांना सुत्तात 'तिरच्छान कथा' म्हटले आहे, म्हणजे मनाला वर न नेणारे, आडवे भरकटवणारे बोलणे. त्याची मोठी यादीच दिली आहे. राजांच्या कथा, चोरांच्या कथा, युद्धाच्या, खाण्यापिण्याच्या, नातेवाइकांच्या, गल्लीतल्या, पाणवठ्यावरच्या, आणि मरून गेलेल्यांच्या कथा. यादीत दुसऱ्याच क्रमांकावर 'चोरकथा' आहे. चोर म्हणजे इथे फक्त खिसा कापणारा नव्हे. दरोडेखोर, वाटमारे, खून करणारे, सगळे त्यात आले.

म्हणजे गुन्ह्याच्या गोष्टींची गोडी आजची नाही. तथागतांच्या काळातही, जेतवनासारख्या ठिकाणीही, ती होती. तथागतांनी भिक्खूंना त्या ऐवजी दहा विषय दिले. अल्पेच्छता, संतोष, शील, समाधी, प्रज्ञा असे ते विषय आहेत. बोलण्याचा विषय निवडणे हाही साधनेचाच भाग आहे, हा त्यातला धडा. आणि बोलणारा असतो तिथे ऐकणाराही असतोच. त्या सभागृहात सगळेच काही बोलत नसतील. तरी शिकवण सगळ्यांना मिळाली.

मी सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून यात एक गोष्ट जोडतो. पाणवठ्यावरच्या गप्पा सूर्य मावळला की संपत. आजच्या ॲपमध्ये तुम्ही कोणता भाग शेवटपर्यंत ऐकला, कुठे थांबलात, काय पुन्हा ऐकले, याची नोंद होते आणि त्यावरून पुढची गोष्ट समोर ठेवली जाते. एका आईच्या खुनाची कथा पूर्ण ऐकली की दुसऱ्या आईची हजर. यंत्राला तुमची मिनिटे मोजता येतात, तुमची करुणा मोजता येत नाही. म्हणून ते मोजण्याचे काम आपल्यालाच करावे लागते.

२. सुंदरीची हत्या

बौद्ध वाङ्मयात खुनाच्या तपासाची एक कथा आहे. उदान या ग्रंथातले सुंदरी सुत्त आणि त्याची अट्ठकथा यांत ती येते. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात, तथागतांवर झालेल्या खोट्या आरोपांच्या संदर्भात, ती सांगितली आहे.

श्रावस्तीत तथागतांचा आणि भिक्खुसंघाचा मान वाढला, हे काही अन्य पंथीय परिव्राजकांना सहन होईना. त्यांनी सुंदरी नावाच्या परिव्राजिकेला वारंवार जेतवनाकडे जायला सांगितले. लोकांनी तिला जाता-येता पाहिले. पुरेसे लोक साक्षीदार झाले, असे वाटल्यावर तिची हत्या करण्यात आली आणि प्रेत जेतवनापाशीच लपवले गेले. मग त्यांनी स्वतःच राजा प्रसेनजिताकडे तक्रार केली, की सुंदरी दिसत नाही. शोध झाला, प्रेत 'सापडले'. ते खाटेवर घालून श्रावस्तीच्या रस्त्यारस्त्यांतून फिरवण्यात आले. भिक्खू भिक्षेला निघाले, की लोक त्यांना शिव्या देऊ लागले.

इथे थांबून विचार करा. लोकांनी प्रत्यक्ष काय पाहिले होते? एक स्त्री जेतवनाकडे जाते आणि परत येते, एवढेच. बाकीचे सगळे त्यांनी मनाने जोडले. नातेसंबंध जोडला, कारण जोडले, गुन्हेगार जोडला. आणि जोडलेली गोष्ट पाहिलेल्या गोष्टीइतकीच खरी वाटू लागली.

तथागतांनी भिक्खूंना सांगितले, की हा गलबला सात दिवसांपेक्षा जास्त टिकणार नाही. अट्ठकथेनुसार राजाची माणसे शोध घेत राहिली. मारेकरी दारूच्या नशेत पैशाच्या वाटणीवरून भांडले आणि सत्य बाहेर आले.

आपण ही कथा भिक्खुसंघावरचा खोटा आळ कसा दूर झाला, म्हणून सांगतो. ते बरोबरच आहे. पण यात आणखी एक व्यक्ती आहे. सुंदरी जिवंतपणी इतरांच्या डावासाठी वापरली गेली, मेल्यावर तिचे शरीर आरोपाचे साधन झाले, आणि तिचे चारित्र्य चौकातला विषय झाले. गावाला खून कोणी केला याची उत्सुकता होती. एक बाई मेली, याचे दुःख करणारा कोणी त्या गर्दीत दिसत नाही.

३. खैरलांजी : घर आपले, गोष्ट दुसऱ्यांनी सांगितलेली

हे फक्त अडीच हजार वर्षांपूर्वीच्या श्रावस्तीत घडले असते, तर हा पाठ लिहिण्याची गरज नव्हती.

२९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यातले खैरलांजी. सुरेखा भोतमांगे, मुलगी प्रियंका, मुलगे सुधीर आणि रोशन या चौघांना गावातल्या जमावाने मारले. प्रेते कालव्यात टाकली. भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले. कुटुंब बौद्ध होते. स्वतःची थोडी शेती होती, मुले शिकत होती. शेतातून रस्ता काढण्यावरून वाद होता. त्याच महिन्यात त्यांच्या नात्यातल्या, शेजारगावच्या एका पोलीस पाटलाला मारहाण झाली होती आणि त्या प्रकरणात सुरेखा आणि प्रियंका यांनी साक्ष दिली होती. त्यातले आरोपी जामिनावर सुटले, त्याच दिवशी हे हत्याकांड झाले.

सुरुवातीला जी गोष्ट पसरली, ती काय होती? अनैतिक संबंधांतून घडलेला प्रकार, अशी. म्हणजे मारल्या गेलेल्या स्त्रीच्या चारित्र्यावरच चर्चा. श्रावस्तीच्या चौकात सुंदरीच्या वाट्याला जे आले, तेच सुरेखाताईंच्या वाट्याला आले. पहिले शवविच्छेदन इतके निष्काळजीपणे झाले, की पुरलेली प्रेते उकरून ते पुन्हा करावे लागले. जवळजवळ महिनाभर मोठ्या माध्यमांना या घटनेचे गांभीर्य कळले नाही.

मग कोणी विचारायला सुरुवात केली? कार्यकर्त्यांनी, स्त्रियांच्या सत्यशोधन पथकांनी, नागपूर, भंडारा, अमरावती, यवतमाळच्या रस्त्यांवर उतरलेल्या सामान्य लोकांनी. नोव्हेंबर २००६ मध्ये विदर्भ पेटला, त्यानंतर तपास सीबीआयकडे गेला. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले. सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप झाली. १४ जुलै २०१० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांची शिक्षा दिली. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा आरोप दोन्ही न्यायालयांत टिकला नाही. हत्या सूडातून झाली, जातीमुळे नाही, असे मानले गेले. ती खंत आपल्या मनातून अजून गेलेली नाही.

म्हणून मी असे म्हणणार नाही, की गुन्ह्याची गोष्ट ऐकूच नये. गुन्ह्याकडे डोळे मिटणे ही सम्यक वाचा नाही. त्या महिन्यात सगळेच गप्प राहिले असते, तर चारित्र्याची ती खोटी गोष्टच इतिहास झाली असती. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढले आणि १९२७ साली 'बहिष्कृत भारत'. ज्यांचे दुःख कोणी लिहीत नव्हते, त्यांचे दुःख लिहिण्यासाठीच ती पत्रे होती. दुःखाचा शोध घेणे हे पहिल्या आर्यसत्यापासून आपले काम आहे. तो शोध कोणत्या मनाने घेतला जातो, याला महत्त्व आहे.

४. शोध आणि रस

पॉडकास्टने काही साधत नाही, असेही नाही. ऑस्ट्रेलियात लिनेट डॉसन ही दोन मुलींची आई १९८२ साली बेपत्ता झाली. 'द टीचर्स पेट' हा पॉडकास्ट २०१८ साली आला, विस्मरणात गेलेले प्रकरण पुन्हा लोकांपुढे आले. त्याच वर्षी तिच्या पतीला अटक झाली आणि २०२२ साली तो खुनाबद्दल दोषी ठरला. पण याच पॉडकास्टमुळे इतका गाजावाजा झाला, की निष्पक्ष ज्युरी मिळणे अवघड झाले. ऑस्ट्रेलियात तो काही काळ काढून घ्यावा लागला आणि खटला ज्युरीशिवाय, एकट्या न्यायाधीशासमोर चालला. जे सत्यासाठी केले, तेच सत्यापर्यंतच्या वाटेत अडथळा होऊ शकते.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले. २०१४ साली आलेल्या 'सीरियल'ने हा प्रकार जगभर लोकप्रिय केला. बाल्टिमोरजवळ १९९९ साली हे मिन ली या शाळकरी मुलीचा खून झाला होता आणि तिच्या माजी मित्राला, अदनान सय्यदला, शिक्षा झाली होती. तो दोषी की निर्दोष, यावर लाखो लोकांनी मत बनवले. न्यायालयाने २०२२ मध्ये दोषसिद्धी रद्द केली, २०२३ मध्ये ती पुन्हा लागू झाली, २०२५ मध्ये दोषसिद्धी कायम ठेवून शिक्षा भोगलेल्या काळापुरती करण्यात आली. या साऱ्या चढउतारात मुलीचा भाऊ न्यायालयात बोलला. तुमच्यासाठी हा पॉडकास्ट असेल, माझ्यासाठी हे माझे आयुष्य आहे, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता.

आता महाराष्ट्रातले घ्या. पुण्यात १९७६-७७ मध्ये जोशी-अभ्यंकर हत्याकांड झाले. चार तरुणांनी दहा जणांचे बळी घेतले आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये त्यांना येरवड्यात फाशी झाली. चित्रपट आले, पुस्तके आली, आजही ती कथा सांगितली जाते. 'जक्कल' हे नाव मराठी माणसाला लगेच आठवते. मेलेल्यांपैकी किती नावे आठवतात? अभ्यंकरांच्या घरात त्या रात्री व्याकरणाचे मोठे अभ्यासक काशिनाथशास्त्री होते, त्यांच्या पत्नी होत्या, नातवंडे होती. आणि घरकाम करणाऱ्या सकूबाई वाघही होत्या. सकूबाईंचे नाव कितींना माहीत आहे?

ही चाचणी सोपी आहे. एखादा भाग ऐकून झाल्यावर मारणाऱ्याचे नाव, त्याचे बालपण, त्याचे डोळे, त्याची हुशारी आठवते, आणि मेलेल्याचे नाव आठवत नाही, तर आपण चोरकथा ऐकली. त्या माणसाला काय आवडत होते, त्याच्यामागे कोण उरले, कोणत्या व्यवस्थेने त्याला वाचवले नाही, हे लक्षात राहिले, तर ते काहीसे सत्यशोधन झाले.

५. पटाचाराकडे पाहण्याच्या दोन रीती

मागे उरलेल्या माणसाचे काय होते, हे समजायला पटाचारेची कथा आठवा. अट्ठकथेनुसार एका दिवसाच्या आत तिचा पती सर्पदंशाने गेला, एक बाळ पक्ष्याने उचलले, दुसरा मुलगा नदीत वाहून गेला. माहेरी जाताना वाटेत भेटलेल्या माणसाकडे तिने आई-वडिलांची चौकशी केली. तो म्हणाला, बाई, त्या घराचे सोडून दुसरे काहीही विचार. रात्रीच्या पावसात घर कोसळून आई, वडील आणि भाऊ तिघे गेले होते. ती भान हरपून फिरू लागली. अंगावर वस्त्र राहिले नाही.

लोकांनी काय केले? वेडी म्हणून कचरा आणि ढेकळे मारली. तथागतांच्या सभेत ती आली, तेव्हाही लोक म्हणाले, हिला आत येऊ देऊ नका. तथागतांनी तिला जवळ येऊ दिले आणि प्रेमाने सांगितले, भगिनी, भानावर ये. एकाने आपले वस्त्र तिच्या अंगावर टाकले. मगच ती बोलली.

यातला क्रम पाहा. आधी वस्त्र, मग प्रश्न. ज्या घरात शोकांतिका झाली, त्या घराची लाज झाकणे हे पहिले काम, माहिती घेणे हे नंतरचे. आज हे उलटे होते. आधी माहिती, फोटो, शेजाऱ्यांच्या मुलाखती, आणि वस्त्र कधीच नाही. भैयालाल भोतमांगे २० जानेवारी २०१७ रोजी गेले. दहा वर्षांत पत्रकार, वकील, नेते, कार्यकर्ते अशा किती जणांना त्यांनी तीच एक रात्र पुन्हा सांगितली असेल! सांगणे गरजेचे होते, पण ऐकणाऱ्यांपैकी किती जण नंतर त्यांच्याकडे पुन्हा गेले?

६. खरे असले तरी?

'पण हे तर सगळे खरेच आहे ना?' असा बचाव आपण करतो. अभयराजकुमार सुत्तात याचे उत्तर आहे. तथागत खोटे बोलत नाहीत, आणि जे खरे आहे पण हिताचे नाही, तेही बोलत नाहीत. जे खरे आहे, हिताचे आहे, ते कटू असले तरी योग्य वेळ पाहून बोलतात. राजकुमाराच्या मांडीवर तान्हे बाळ होते. त्याच्या घशात काही अडकले, तर थोडे रक्त आले तरी तुम्ही ते काढाल ना, असे तथागत विचारतात. का? कारण बाळावर करुणा आहे. खैरलांजीचे सत्य बाहेर काढणे हे घशातला खडा काढण्यासारखे होते. वेदनादायक, पण करुणेतून केलेले. शेजारच्या बिल्डिंगमधल्या कुटुंबाचे भांडण रेकॉर्ड करून पाठवणे हे तसे नाही.

आपण राहतो त्या कतारचा कायदाही इथे लक्षात घ्या. २०१४ च्या सायबर गुन्हेविषयक कायद्यात (क्रमांक १४) व्यक्तीच्या खासगी किंवा कौटुंबिक जीवनाशी संबंधित बातम्या, फोटो, ध्वनिफिती प्रसारित करणे हा गुन्हा आहे, त्या खऱ्या असल्या तरीही. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रियालपर्यंत दंड होऊ शकतो. एखाद्या भारतीय घरात मृत्यू झाला, की फ्लॅटचा फोटो, पासपोर्टचे पान, 'आतली बातमी' असे सगळे व्हॉट्सॲपवर फिरू लागते. ते पुढे पाठवताना केवळ शिक्षेच्या भीतीने थांबू नका. गावाकडे त्या माणसाच्या आईला अजून फोन गेला नसेल, तिला हे आपल्या फॉरवर्डमधून कळू नये, म्हणून थांबा.

अशा वेळी करण्यासारखे खरे काम असते. भारतीय दूतावासाच्या छत्राखाली चालणारी आयसीबीएफ ही संस्था मृतदेह मायदेशी पाठवण्यात मदत करते. कागदपत्रांसाठी कोणी सोबत लागते, घरी भाषा समजणारे कोणी लागते, मुलांना एक-दोन दिवस सांभाळणारे घर लागते. पटाचारेच्या अंगावर वस्त्र टाकणारा माणूस नावाने ओळखला जात नाही. आपणही तसेच असावे.

७. या महिन्याची साधना

ऐकणे पूर्ण सोडा, असे नाही. या महिन्यात एखादा भाग ऐकण्यापूर्वी किंवा नंतर स्वतःला चार प्रश्न विचारा.

पहिला : हे मला कोणी पाहिलेले सांगितले जात आहे, की कोणी जोडलेले? कालाम सुत्तात तथागत सांगतात, की ऐकीव आहे म्हणून, तर्काला पटते म्हणून किंवा सांगणारा भारदस्त वाटतो म्हणून मानू नका. गंभीर आवाज आणि मागचे संगीत हा पुरावा नव्हे. आमच्या कामात सर्व्हर बंद पडला, की आधी नोंदी जपून ठेवतात, घटनांचा क्रम मांडतात, मगच कारण सांगतात. एका माणसाच्या आयुष्याच्या बाबतीत तेवढी तरी शिस्त हवी.

दुसरा : मेलेल्या व्यक्तीचे नाव मला माहीत आहे का? नसेल, तर शोधा. मग दोन मिनिटे शांत बसून त्यांच्या घरच्यांसाठी मैत्री भावना करा.

तिसरा : ऐकताना माझ्या मनात काय वाढत आहे? करुणा, की चटक? अन्यायाची चीड, की शेजाऱ्यांविषयीचा संशय? झोपण्यापूर्वी ऐकत असाल, तर हे जास्त काळजीपूर्वक पाहा. जे मनात ठेवून झोपतो, तेच सकाळी मनात असते.

चौथा : घरची मंडळी या वेळी खोलीत असती, तर मी याच चेहऱ्याने ऐकले असते का? हा प्रश्न सर्वांत कठीण आहे. पण खैरलांजीनंतर तो आपल्याला समजायला हवा. त्या खोलीत आपण राहिलेलो आहोत. आपल्याच घराची गोष्ट इतरांनी चवीने सांगितलेली आपण ऐकली आहे.

ऐकण्याने शील कसे बिघडेल, या प्रश्नाचे उत्तर यातून मिळते. चवीने ऐकणारा असतो, म्हणून चवीने सांगणारा तयार होतो. श्रावस्तीत खाट फिरवणारे थोडेच होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहून पाहणारे मात्र सगळे नगर होते.

अभ्यासवर्गासाठी चर्चेचे प्रश्न

१) सुंदरीच्या कथेत लोकांनी पाहिलेले काय आणि मनाने जोडलेले काय, याचे दोन रकाने करून लिहा. मग अलीकडे ऐकलेल्या एका पॉडकास्टचे तसेच दोन रकाने करा.

२) खैरलांजीबद्दल आपल्या मुलांना कोणत्या वयात, कोणत्या शब्दांत सांगावे? कोणते तपशील सांगणे हिताचे आहे, कोणते नाही?

३) 'खरे आहे पण हिताचे नाही' असे एक उदाहरण आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून, कोणाचेही नाव न घेता, सांगा.

पुढच्या शुक्रवारच्या वर्गात यावर बोलू. येताना 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' सोबत आणा आणि सुंदरीचे प्रकरण आधी वाचून या.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!